वहीतला खाडा

दसरा उलटला की परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या रस्त्याला ट्रक आणि ट्रॅक्टर दिसायला लागतात. आधी पत्र्याची पेटी चढते, मग पीठ-मीठ, भांडी, अंथरुणाच्या वळकट्या, एखादी शेळी, आणि सगळ्यात शेवटी लेकरं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. निघण्याआधी, बहुतेक वेळा पावसाळ्यातच, एका वहीत नोंद झालेली असते. ती मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराची वही. नाव, गाव, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती आणि कोयते किती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. नाव लिहिलेलं असतं ते नवऱ्याचं. उचल त्याच्या हातात पडते आणि अंगठा किंवा सही त्याचीच घेतली जाते. त्याच्याबरोबर पहाटे उठून फडात जाणारी, मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी आणि रात्री कोपीवर, फडाजवळच्या खोपटावर, परतून भाकरी थापणारी बाई त्या एका कोयत्यात विरघळून गेलेली असते.

त्या वहीत तिला स्वतंत्र जागा मिळते ती एकाच प्रसंगी. ती आजारी पडली, पाळीच्या दुखण्यानं उठू शकली नाही किंवा बाळंत झाली, की खाडा पडतो. खाड्याचे पैसे कापले जातात आणि तो लिहून ठेवला जातो. म्हणजे ती कामावर आली त्या दीडशे दिवसांची तिच्या नावची नोंद नाही, आणि आली नाही त्या चार दिवसांची आहे.

ग्रामीण बायकांच्या इतिहासाचं डिजिटायझेशन हा शब्द हल्ली चर्चासत्रांतून बराच ऐकू येतो. तो ऐकला की मला ही वही आठवते. उद्या कुणी उत्साही माणसानं बीड जिल्ह्यातल्या मुकादमांच्या जुन्या वह्या मिळवल्या, स्कॅन केल्या, उत्तम अनुक्रमणिकेसह संकेतस्थळावर चढवल्या, तरी काय जतन होईल? कोयत्यांची संख्या जतन होईल, उचलीचे आकडे जतन होतील आणि बाईचं नसणंही चांगल्या रिझोल्यूशनमध्ये जतन होईल. कागद आहे तोवर निदान समासात शाईनं काही लिहिता येतं. एकदा तो तक्त्यात गेला की त्या तक्त्यात नसलेला रकाना पुढच्या पन्नास वर्षांत कुणी मागत नाही. म्हणून स्कॅनर विकत घेण्याआधी एक ठरवायला हवं: बाईनं स्वतः ठेवलेली नोंद कोणती आणि बाईबद्दल दुसऱ्यांनी ठेवलेली नोंद कोणती. या दोन गोष्टी एकाच पेटीत भरल्या जातात, तिथे सगळा घोळ होतो.

जुन्या कागदाची किंमत मराठवाड्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यानंतरच्या महिन्यांत या भागानं जे पाहिलं ते एरवी इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येतं. तहसिलांच्या अभिलेख कक्षांतले गठ्ठे सुटले. निजामी राजवटीतले उर्दू कागद आणि मोडीतल्या नोंदी वाचणारी माणसं शोधावी लागली. शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना नंबर 14, असले शब्द पारावर बोलले जाऊ लागले. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. ज्या मराठा आरक्षण आंदोलनातून हे घडलं त्याच्या बाजूचं किंवा विरुद्धचं काही म्हणण्याची ही जागा नव्हे. मला त्यातली एक गोष्ट लक्षात राहिली. घराघरांत लोक वंशावळी काढायला बसले तेव्हा वहीवर बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असा एकच दांडा वर वर जात राहिला. आजी, पणजी त्या झाडावर कुठेच बसत नव्हत्या, कारण कुणबी दाखल्याला त्यांचा उपयोग नव्हता. एवढा मोठा अभिलेख-शोध आपल्याकडे यापूर्वी क्वचितच झाला असेल, आणि तो बायकांच्या अंगावरून गेला.

त्यांना शोधायचं म्हटलं तरी शोधणार कसं? आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. माहेरची सोनाबाई सासरी लक्ष्मीबाई होते. शाळेत गेली असेल तर रजिस्टरला एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. यंत्राच्या दृष्टीनं या तीन बायका आहेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव लावणं राज्यानं सक्तीचं केलं, हे चांगलंच झालं. पण त्या जागी आईचं जे नाव येतं ते सासरचं की माहेरचं, आणि त्या नावामागचं गाव कोणतं, हा धागा तरीही सुटलेलाच राहतो. एखाद्या बाईचा अभिलेख करायचा तर पहिली नोंद तिच्या दोन्ही नावांची आणि दोन्ही गावांची हवी. साधी गोष्ट आहे, पण ती केली नाही तर बाकीचं सगळं वाया जातं.

आता बायकांनी स्वतः ठेवलेल्या नोंदींकडे येतो. त्यातली सगळ्यात मोठी नोंद कागदावर नव्हती, ती जात्यावर होती.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी 1980च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत काम करताना जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. पुण्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्राचं हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. संगीताचा संगणकीय अभ्यास करणारे बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात त्यात आले आणि 1996 पासून आवाजाचं ध्वनिमुद्रण पद्धतशीर सुरू झालं. आज या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, हजाराहून अधिक गावं आणि तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका आहेत. 2017 पासून पी. साईनाथ यांनी उभारलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अभिलेखागारानं तो टप्प्याटप्प्यानं लोकांसमोर आणला. 1996 मधलं एक ध्वनिमुद्रण सिरसाळ्याहून फार लांब झालं नाही. शेजारच्या माजलगाव तालुक्यात ते झालं. माजलगावची भीमनगर वस्ती आणि सावरगाव इथल्या राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या ओव्याही याच संग्रहात आहेत.

ही नावं मी मुद्दाम लिहितो आहे, कारण या संग्रहाचा खरा पराक्रम एक लाख या आकड्यात नाही, या नावांत आहे. ओव्या यापूर्वीही गोळा झाल्या होत्या. साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’ आहे. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली राज्याच्या लोकसाहित्य समितीनं खंडामागून खंड काढले. ती कामं मोठीच आहेत आणि ती झाली नसती तर आपण आज कंगाल असतो. पण ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या विषयवार लावल्या आहेत: भाऊ-बहीण, माहेर, सासर, देवधर्म. प्रत्येक ओवीखाली ती कुणी गायली त्या बाईचं नाव नाही. लोकसाहित्याला कर्ता नसतो, ते समूहाचं असतं, ही त्या काळची धारणा होती, आणि त्या धारणेत एक सोय दडलेली होती. पुरुषाचं पद असेल तर शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ येतं. बाईची ओवी असेल तर ती लोकांची. राईरकर-पॉइटव्हाँ यांनी प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आणि गाव जोडलं. शिवाय मुळशीतल्या कोळवडे, नांदगावसारख्या गावांतल्या ज्या बायका गात होत्या त्यांतल्याच काही पुढे गोळा करणाऱ्या झाल्या. ओवी सांगणारी आणि ती लिहून घेणारी यांच्यातलं अंतर त्यामुळे कमी झालं. बाहेरून आलेल्या प्राध्यापकाला बाई देवाची ओवी सांगेल. नवऱ्याच्या माराची ओवी ती आपल्यासारख्याच बाईला सांगते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो फुटकळ नाही. ओवीला इतिहास कसा म्हणायचा? त्यातल्या ओळी ठरीव असतात. तेच राम-सीतेचं वनवासी जोडपं, तोच हौशा बंधू, तीच पंढरीची वाट. एका बाईनं गायलं तेच दुसरीनं. त्यात साल नाही, तारीख नाही.

ठरीव असतात हे खरंच आहे, आणि म्हणूनच त्या पुरावा होतात. एक ओळ मुळशीत गायली गेली आणि तीच ओळ थोड्या फरकानं परळीकडे गायली गेली, तर तो फरक हीच त्या बाईची सही. ठरलेल्या चौकटीत जिथे राजाचं नाव यायचं तिथे एखादी बाई बाबासाहेबांचं नाव घालते. ते कधी, कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत घडलं, हे कळलं तर आंबेडकरी चळवळ बायकांच्या जात्यापर्यंत कशी पोहोचली याचा नकाशा हाती येतो. असा नकाशा कुठल्याही सभेच्या वृत्तांतात मिळणार नाही. छापील पुस्तकात ही तुलना करायला आयुष्य जाईल. लाख ओव्या शोधता येण्याजोग्या झाल्या की ती एका दुपारी करता येते. यंत्राचा खरा उपयोग मला इथे दिसतो. नुसता साठा करण्यापेक्षा पाठभेद शेजारी-शेजारी ठेवता येणं मोलाचं आहे. तारा भवाळकरांनी लोकगीतांत स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर ऐकला तो स्वतःच्या कानानं आणि अनेक वर्षांच्या व्यासंगानं. तो स्वर कोणत्या गावातून, कोणत्या वर्षी, कुणाच्या गळ्यातून आला हे पुढच्या संशोधकाला पडताळून पाहता आलं पाहिजे.

गाणं पुरावा होऊ शकतं की नाही, हा प्रश्न एका देशाच्या न्यायालयात प्रत्यक्ष उभा राहिला होता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गित्क्सान आणि वेट्सुवेटेन या मूलनिवासी समाजांनी आपल्या जमिनीवरचा हक्क सांगितला. कागद नव्हते, परंपरेनं आलेली गाणी आणि वंशकथा होत्या. एका वृद्ध बाईनं साक्ष देताना भर न्यायालयात गाणं म्हटलं, तर न्यायाधीशांनी आपल्याला गाण्याचा कान नाही अशा अर्थाचं बोलून हरकत घेतली. 1991 मध्ये दावा फेटाळला गेला. 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला ठेवला आणि मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीनं तोलायला हवं असं बजावलं. आपल्याकडे कुणी ओवी घेऊन कोर्टात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण माहेरच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा, भावानं नेसवलेलं लुगडं आणि त्या लुगड्याच्या बदल्यात सोडलेला हक्क, हे सगळं ओव्यांत आहे. तलाठ्याच्या फेरफारात फक्त हक्कसोडपत्राची एक ओळ आहे. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय ती गोष्ट कळत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, 1992 मध्ये शासनानं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याचा निर्णय काढला. आज सातबारा मोबाईलवर मिळतो. बायकोचं नाव त्यावर का लागलं नाही, हे मोबाईलला विचारून भागत नाही.

बरं, जातं बंद पडून जमाना झाला. गावात विजेची गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं. बायकांच्या पाठीचं आणि खांद्याचं दुखणं गेलं, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. जात्याची आठवण काढून गहिवरणारा प्रत्येकजण दळलेल्या पिठाची भाकरी खाणारा होता. त्यामुळे ओव्यांचा संग्रह हे काम एका अर्थानं संपत आलेलं आहे. ज्या म्हाताऱ्यांना त्या येतात त्यांच्या हयातीपुरतं ते शिल्लक आहे. मग त्यानंतरच्या बायकांनी काय लिहिलं?

त्यांनी बचत गटाची वही लिहिली. आपण तिच्याकडे इतिहास म्हणून कधी पाहिलंच नाही.

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975 सालचं. त्यानंतर अनेक संस्था आणि 2011 पासून ‘उमेद’ अभियान, यांच्यामुळे मराठवाड्याच्या जवळपास प्रत्येक गावात गट झाले. गटाच्या नियमांतच लेखे लिहिणं हे एक सूत्र आहे. त्यामुळे दहा-बारा बायका, बऱ्याच निरक्षर, आणि त्यांच्यात दहावी-बारावी झालेली एखादी सून सचिव, अशी लिहिणाऱ्यांची एक नवी जात तयार झाली. इतिवृत्ताच्या वहीत ती लिहिते: आजच्या बैठकीस हजर इतक्या, गैरहजर इतक्या, अमक्या ताईंनी दवाखान्यासाठी दोन हजार मागितले, सर्वानुमते मंजूर. पुढच्या पानावर बियाण्यासाठी. मग लेकीच्या लग्नासाठी, मुलाच्या फीसाठी, शेळीसाठी, बोअरसाठी, आणि दसऱ्याच्या तोंडावर ‘कारखान्यास जाणार असल्याने बैठक पाडव्यानंतर’. मराठवाड्याच्या खेड्यात बाईनं बाईच्या हातानं, बायकांच्या सभेत, तारीख टाकून लिहिलेला असा सलग दस्तऐवज यापूर्वी कधी तयार झालेला नव्हता. एका गावातल्या आठ-दहा गटांच्या पंधरा वर्षांच्या वह्या शेजारी ठेवा. कर्ज कशासाठी मागितलं एवढाच रकाना वाचत गेलात तरी दुष्काळाची वर्षं दिसतील, मोबाईल कधी आला ते दिसेल, मुली शहरात शिकायला कधी जाऊ लागल्या ते दिसेल, आणि दवाखाना हा शब्द किती वेळा येतो हेही दिसेल.

या वह्यांचं होतं काय? भरल्या की सचिवाच्या घरात पेटीखाली जातात. गट फुटला की वाद होतो आणि वही लपवली जाते. सचिव सुनेचं घर बदललं, की रद्दी. उंदीर, कसर, वाळवी हे बाकीचं पाहतात. दुसरीकडे केंद्र सरकारच्या ‘लोकोस’सारख्या ॲपवर गटांचे व्यवहार भरले जात आहेत. बचत किती, कर्ज किती, परतफेड किती हे बँकेला आणि अभियानाला हवं असतं आणि ते मिळालं पाहिजे. पण आकडा ॲपमध्ये गेला की वही नकोशी होते. ‘सगळं ऑनलाइन झालंय’ या एका वाक्यानं जितके कागद नष्ट झाले तितके वाळवीनंही केले नसतील. ठराव, वाद, कुणी विरोध केला, कुणाला नकार मिळाला, कुणाच्या नवऱ्यानं बैठकीत येऊन तमाशा केला, हे आकड्यांत मावत नाही. आकडे पुढे गेले आणि बायकांचं बोलणं मागे राहिलं, तर मुकादमाच्या वहीपासून आपण फार लांब आलो असं म्हणता येणार नाही.

सरकारी दप्तराचा न्यायही असाच आहे. कागदांचे वर्ग असतात: अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क वर्ग त्याहून कमी, ड वर्ग वर्षभराचा. जमिनीचे कागद कायम राखायचे आणि मजुरीचे कागद मुदत संपली की नष्ट करायचे, हा त्यामागचा साधारण विचार. 1972च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यातल्या बायकांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले, मिलो खाऊन दिवस काढले. हजेरीपटावर त्यांची नावं आली. कुणाची बायको म्हणून आली नाहीत, स्वतःच्या मजुरीसाठी आली. सरकारी कागदावर खेड्यातल्या बाईचं असं नाव लागण्याच्या पहिल्या मोठ्या प्रसंगांपैकी हा एक. जमीन नव्हती म्हणून कायम वर्गात त्यांचं नाव नाही, आणि मजुरी होती म्हणून मुदतीच्या वर्गात आलं आणि गेलं. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा 2005 पासून आहे. नष्ट करण्याच्या यादीवर सही करण्याआधी त्यात बायकांची नावं किती आहेत हे पाहायला हवं, असं त्या सहीच्या वेळी कुणाच्या मनात येत नाही.

आणि जेव्हा बाई मोजली जाते तेव्हा कशी मोजली जाते तेही बीडनं पाहिलं आहे. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी 2019 मध्ये देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात 82,309 बायकांचं सर्वेक्षण झालं आणि त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं नोंदलं गेलं. हा आकडा महत्त्वाचा आहे आणि तो पुसला जाऊ नये. पण त्यातल्या एकेकीनं तो निर्णय कसा घेतला, डॉक्टर काय म्हणाला, खाड्याची भीती किती होती, उचल किती फिटायची होती, शस्त्रक्रियेचं कर्ज गटातून घेतलं की मुकादमाकडून, हे त्या आकड्याच्या आत बंद आहे. ते उघडायची किल्ली कुठल्यातरी गटाच्या वहीत ‘दवाखान्यासाठी’ या शब्दाच्या पुढे असू शकते.

मग ती वही सरळ संकेतस्थळावर टाकावी का? मुळीच नाही. डिजिटायझेशनचे उत्साही समर्थक इथे घाई करतात. गाव म्हणजे गोकुळ नव्हे. कुणी कुणाचं कर्ज बुडवलं, कुणाला का नाकारलं, कोणत्या बाईच्या अंगावर कोणती शस्त्रक्रिया झाली, हे जगासमोर मांडण्याचा अधिकार स्कॅन करणाऱ्याला कुणी दिला? संमतीपत्रावर अंगठा घेतला, असं उत्तर येईल. या बायकांनी आयुष्यभर अंगठेच दिले आहेत: उचलीला, हक्कसोडीला, शस्त्रक्रियेला. आणखी एक अंगठा घेऊन आपण काय निराळं करतो? खरी संमती अशी असते की ध्वनिमुद्रण तिला परत ऐकवायचं, पान तिला परत वाचून दाखवायचं, आणि ‘हे राहू दे, हे काढ’ म्हणायला तिला आठवडाभराचा वेळ द्यायचा. काही पानं पंचवीस वर्षं बंद ठेवायची. काही नावं झाकायची. आणि काही नावं, ती बाई म्हणेल तर, ठसठशीत लिहायची. नाव लपवायचं की लावायचं हे तिनं ठरवायचं, प्रकल्पानं नव्हे.

पुढचा प्रश्न ताब्याचा: या नोंदी कुणाकडे राहाव्यात? ओव्यांचा संग्रह पुण्यात झाला, ध्वनिमुद्रणांची एक प्रत फ्रान्समधल्या भाषाशास्त्रीय संग्रहात सांभाळली गेली, पुढे ‘पारी’नं तो सर्वांसाठी खुला केला. या सगळ्या हातांनी तो वाचवला, त्यांचे उपकारच आहेत. पण एखादी चीज पुण्यात, फ्रान्समध्ये किंवा क्लाउडवर आहे आणि जिच्या आजीनं ती गायली त्या गावात नाही, ही व्यवस्था मला अपुरी वाटते. संकेतस्थळं प्रकल्पांबरोबर जन्मतात आणि प्रकल्पांबरोबर मरतात. अनुदान संपलं, डोमेनचं नूतनीकरण राहिलं, की पाच वर्षांची मेहनत एका रात्रीत दिसेनाशी होते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली माहिती आज उघडली तर अक्षरांऐवजी चिन्हांचा चिखल दिसतो, हे ज्यानं नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी लिहिलं त्याला सांगायला नको. म्हणून युनिकोड, उघडे फाइल-प्रकार, आणि प्रती किमान तीन ठिकाणी. त्यांतली एक गावात.

गावात म्हणजे कुठे? ग्रामपंचायतीचं नाव मी घेणार नाही. दर पाच वर्षांनी सत्ता बदलते आणि कपाटाची किल्लीही. माझ्या मते जागा सार्वजनिक ग्रंथालयाची आहे. 1967च्या कायद्यानं महाराष्ट्रात खेडोपाडी ग्रंथालयं उभी राहिली, अ-ब-क-ड वर्गांची. त्यांतली पुष्कळ आज वर्तमानपत्र वाचण्यापुरती उरली आहेत. त्यांना गावाच्या नोंदी सांभाळण्याचं काम आणि त्यासाठी थोडं वाढीव अनुदान द्यावं. एक हार्ड डिस्क, एक छापील सूची, आणि ऐकायला एक कोपरा. दुसरी प्रत जवळच्या महाविद्यालयात, तिसरी राज्याच्या पुराभिलेखात. यात अवघड असं काही नाही. अवघड आहे ती सूची, कारण तिच्यासाठी गावातलं माणूस लागतं. ‘कोपी’, ‘वाढं’, ‘खाडा’, ‘उचल’ या शब्दांचे अर्थ, कोणती सोनाबाई कोणत्या घरची, तिचं माहेर कुठलं, हे बाहेरचं कुणी लिहू शकत नाही. कागदाचा फोटो काढणं हे या कामाचं दहा टक्केही नाही.

पोटाचे प्रश्न असताना हे कशाला, असं विचारणारे भेटतील. त्यांना मी एवढंच विचारीन की फडात साप चावून किंवा ट्रॅक्टर उलटून बाई गेली, तर ती तिथे कामाला होती हे कशावरून दाखवायचं? ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, ओळखपत्राची व्यवस्था आली. पण वर्षानुवर्षं काम केल्याचा बाईच्या नावचा पुरावा मुकादमाच्या वहीत नसतो. गटाच्या वहीतलं ‘कारखान्यास गेल्याने गैरहजर’ हे एक वाक्य, तारखेसकट, नावासकट, कधीकधी एवढाच पुरावा असतो. 1989 मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं ते आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघरी गाठून. त्या दोघी तेव्हा गेल्या नसत्या, तर त्यांतल्या कितीतरी बायकांच्या साक्षी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

टोळ्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तिथून मृगापर्यंत साधारण दोन महिने गावात बायका असतात, कामं थोडी सैल असतात. सिरसाळ्यात आणि आसपासच्या गावांत बारावी झालेल्या मुली आहेत, त्यांच्या हातात फोन आहेत. त्यांनी आपल्या आईच्या गटाची जुनी वही पेटीखालून काढावी, रद्दीवाल्याला देऊ नये, आणि पहिल्या पानावर आईचं नाव लिहावं, माहेरचंही.